वेणी कोणती घालावी? ताणाचा एक हिशेब

लेगॉस, नैरोबी, जोहान्सबर्ग किंवा अमेरिकेतील अटलांटा यांपैकी कोणत्याही शहरात शाळा सुरू होण्याआधीच्या आठवड्यात वेण्या घालून देणाऱ्या दुकानांत मोठी गर्दी असते. एकेक मुलगी चार-चार, सहा-सहा तास मान ताठ ठेवून बसलेली असते आणि तिच्या डोक्यावर शंभरएक बारीक वेण्या आकार घेत असतात. हा केवळ नटण्याचा प्रकार आहे असे आपल्याला वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात या वेण्यांचा मुख्य हेतू केसांचे रक्षण हा असतो. एकदा घातल्या की पुढे काही आठवडे केसांना फणी लावावी लागत नाही, आणि फणी लागली नाही की केस तुटत नाहीत. म्हणून या वेण्यांना ‘संरक्षक वेण्या’ म्हणतात.

पण संरक्षण कशाचे? केसाचे दोन भाग असतात. त्वचेच्या वर दिसतो तो तंतू आणि त्वचेच्या आत असते ते मूळ. या दोघांचे हित नेहमीच एक नसते. तंतू राखण्यासाठी घातलेली वेणी मुळाला इजा करू शकते आणि ती इजा कधी कधी कायमची ठरते. म्हणून ‘वेणी कोणती घालावी?’ या घरगुती वाटणाऱ्या प्रश्नात पदार्थविज्ञान आणि जीवशास्त्र दोन्ही दडलेले आहेत. ते थोडे उलगडून पाहू या.

कुरळा केस का तुटतो?

केसाचा तंतू निर्जीव असतो. केराटिन या प्रथिनाचा गाभा आणि त्यावर कौलांसारखी एकावर एक बसलेली खवल्यांची आवरणे अशी त्याची रचना असते. सजीव असतो तो त्वचेतील केशकूप, म्हणजे ज्या पिशवीत केस तयार होतो ती जागा. केशकूप सरळ असेल तर केस सरळ येतो, वाकडा असेल तर कुरळा येतो. आफ्रिकी वंशाच्या बहुसंख्य लोकांचे केशकूप कोयत्याच्या पात्यासारखे वळलेले असतात. त्यातून बाहेर येणाऱ्या केसाचा छेद चपटा, लंबवर्तुळाकार असतो आणि केस घट्ट स्प्रिंगसारखा वळत जातो. ताणला तर वीतभर भरेल असा केस मोकळा सोडल्यावर चार बोटांत मावतो.

या आकाराचे तीन परिणाम होतात. पहिला, त्वचेतून पाझरणारे तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते. स्प्रिंगच्या वळणावळणांवरून ते टोकापर्यंत पोचत नाही. त्यामुळे केस कोरडा राहतो. दुसरा, शेजारच्या स्प्रिंगा एकमेकींत अडकतात, गुंता होतो, एकाच केसाला स्वतःचीच गाठसुद्धा बसते. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा परिणाम म्हणजे फणी फिरवताना प्रत्येक वळणावर तंतू वाकतो आणि पिळलाही जातो. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली तर तुटते, तसाच हा प्रकार. हे केस वाढतातही थोडे सावकाश, महिन्याला साधारण पाऊण सेंटिमीटर. वाढ सावकाश आणि तूट अधिक, मग लांबी वाढणार कशी?

यावर एक उपाय म्हणजे केस रसायनाने सरळ करणे. सोडियम हायड्रॉक्साइडसारखे अल्क केराटिनमधील गंधकाचे बंध तोडतात आणि केस कायमचा सरळ होतो. मात्र त्यात तंतू दुबळा होतो. अमेरिकेत विसाव्या शतकाचा बराच काळ कृष्णवर्णीय स्त्रियांना नोकरीसाठी, समाजात मान मिळावा म्हणून हा मार्ग धरावा लागे. रसायन न लावता केस आहेत तसे ठेवणे, म्हणजे ‘नैसर्गिक केस’ राखणे, याला म्हणूनच तिकडे स्वाभिमानाचाही अर्थ आहे. आणि असे केस राखायचे तर ते गुंतणार नाहीत अशा रीतीने बांधून ठेवणे ओघानेच येते. ही कला आफ्रिकेत फार जुनी आहे. नायजेरियाचे छायाचित्रकार जे. डी. ओखाई ओजेइकेरे यांनी १९६८ पासून पुढे अनेक वर्षे आपल्या देशातील स्त्रियांच्या केशरचना टिपल्या. त्यांच्या संग्रहात सुमारे एक हजार केशरचना आहेत.

तीन प्रमुख प्रकार

प्रकार असंख्य असले तरी रचनेच्या दृष्टीने त्यांचे तीन गट करता येतात.

पहिला गट त्वचेला चिकटून जाणाऱ्या वेण्यांचा. यांना कॉर्नरो म्हणतात, कारण डोक्यावर मक्याच्या शेतातल्या ओळींसारख्या ओळी दिसतात. आपल्याकडील सागरवेणी डोळ्यांसमोर आणावी. वेणी पुढे सरकताना प्रत्येक टाक्याला खालचे थोडे नवे केस उचलून पेडांत मिसळत जायचे. त्यामुळे वेणी जागोजागी त्वचेला बांधलेली राहते, लोंबकळत नाही. ओळीतला प्रत्येक टाका आधीच्या टाक्याची किंचित मोठी किंवा लहान, थोडी सरकवलेली आणि थोडी वळवलेली प्रत असते. अमेरिकेतील संशोधक रॉन एग्लॅश यांनी या रचनांचा अभ्यास करून शाळकरी मुलांना त्यांच्या आधारे भूमितीतील रूपांतरणे शिकवण्याचे साधन तयार केले.

दुसरा गट सुट्या वेण्यांचा, म्हणजे बॉक्स ब्रेडचा. डोक्यावर आडवे-उभे भांग पाडून लहान चौकोन करतात आणि प्रत्येक चौकोनातील केसांची तीनपेडी वेणी घालतात. आपल्या पूर्वीच्या बायका गंगावन घालत, तसे यात बहुधा कृत्रिम तंतूंचे केस मिसळतात. लांबी आणि जाडी त्यानेच येते. हे तंतू मिसळण्याच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत मुळाशीच गाठ मारून ते जोडतात. दुसरी पद्धत बिनगाठीची. तिच्यात सुरुवात स्वतःच्या केसांनी करतात आणि कृत्रिम तंतू थोडे खाली गेल्यावर एकेक बट करून मिसळत जातात. हिला वेळ अधिक लागतो.

तिसरा गट पिळांचा, म्हणजे ट्विस्टचा. यात पेड दोनच. पण दोन पेड नुसते एकमेकांवर गुंडाळले तर सुटून जातील. म्हणून प्रत्येक पेडाला आधी एका दिशेने पीळ देतात आणि मग दोन्ही पेड एकमेकांभोवती उलट दिशेने वळतात. पेड उलगडू पाहतो तेव्हा तो जोडपीळ अधिक घट्ट करतो. काथ्याची दोरी किंवा सुतळी याच तत्त्वावर टिकते. तीनपेडी वेणीला असा पीळ लागत नाही. तिच्यात पेड आळीपाळीने एकमेकांना दाबून धरतात आणि घर्षणावर वेणी टिकते. ट्विस्ट घालायला हात सैल चालतो आणि सोडवायलाही सोपे. मात्र ते दोन-तीन आठवड्यांत विसविशीत होतात. वेण्या सहा ते आठ आठवडे राहतात.

सरासरी फसवते

आता थोडा हिशेब करू. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात असे धरू. कृत्रिम तंतूंचे वजन ५०० ग्रॅम घेऊ. हे वजन सर्व केसांनी सारखे वाटून घेतले तर प्रत्येक केसाच्या वाट्याला येतात फक्त ५ मिलिग्रॅम. एक निरोगी जाड सरळ केस तुटायला साधारण ५० ते १०० ग्रॅम भार लागतो, म्हणजे या भाराच्या किमान दहा हजारपट. कुरळा केस यापेक्षा कमी भाराला तुटतो, तरीही फरक प्रचंडच राहतो. वेण्या जाड घालून १२५ केल्या काय किंवा बारीक घालून ५०० केल्या काय, एकूण वजन तेच असेल तर सरासरी भार तोच राहतो.

मग इजा होते कशी? याचे उत्तर असे की सरासरी हा आकडा येथे फसवा आहे. निरनिराळ्या केसांच्या मुळांवर येणारा भार कधीच सारखा नसतो.

याचे पहिले कारण म्हणजे वेणी घालणाऱ्या हाताची ओढ. वेणीचे वजन नगण्य असले तरी घालताना दिलेला ताण वेणीत कोंडला जातो आणि तेथेच राहतो. घट्ट वेणीत सगळे केस सारखे ताणलेले नसतात. काही थोडे तणावलेले, बाकीचे सैल. चौकोनातील २०० केसांपैकी दहाच केस ताणलेले असतील तर सगळी ओढ त्या दहांवर.

दुसरे कारण जागेचे आहे. कपाळाच्या वरची, कानशिलांवरची आणि मानेवरची कड ही डोक्यावरची सर्वांत नाजूक जागा. तेथे केस बारीक आणि विरळ असतात. कडेच्या चौकोनात केस कमी आणि वेणी मात्र इतरांएवढीच जाड, असे झाले की प्रत्येक मुळावरील भार वाढतो. त्यात सर्व वेण्या उचलून डोक्यावर अंबाडा बांधला की ओढ पुन्हा कडेच्याच केसांवर येते. सुट्या सोडलेल्या वेण्यांत हे घडत नाही.

तिसरे कारण म्हणजे काळ. निर्जीव तंतूला थोडा ताण महिनाभर सहन होईल. केशकूप मात्र सजीव आहे. त्याला सततची ओढ सहन होत नाही. आधी त्याच्या भोवती दाह होतो, बारीक पुळ्या येतात. मग तेथला केस लवकर गळतो आणि पुढचा अधिक बारीक येतो. ओढ वर्षानुवर्षे चालू राहिली तर केशकूपाच्या जागी व्रणाची ऊती तयार होते आणि तेथे पुन्हा केस येत नाही. या विकाराला ओढीमुळे पडणारे टक्कल म्हणता येईल. त्याची पहिली नोंद १९०७ साली झाली, आणि ती आफ्रिकेतली नव्हती. ग्रीनलंडमधील स्त्रिया केस मागे ओढून फार घट्ट बांधत. त्यांच्या कपाळावरची केसांची कड मागे हटलेली आढळली. म्हणजे हा दोष वंशाचा नव्हे, ओढीचा आहे.

केप टाउन येथील त्वचारोगतज्ज्ञ नोनह्लान्ह्ला खुमालो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली शाळांमधील एक हजारांहून अधिक मुलामुलींच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलींपैकी सुमारे १७ टक्के मुलींत या विकाराच्या खुणा होत्या. शाळेच्या पहिल्या वर्षात हे प्रमाण सुमारे ९ टक्के होते, शेवटच्या वर्षात सुमारे २२ टक्के. प्रौढ स्त्रियांच्या वेगळ्या पाहणीत ते सुमारे ३२ टक्के निघाले. रसायनाने सरळ केलेल्या केसांवर वेण्या घातल्या तर धोका अधिक, असेही या संशोधनातून पुढे आले. वय वाढते तसे प्रमाण वाढते, याचा अर्थ नुकसान हळूहळू साचत जाते. यातली आशेची बाजूही तीच. सुरुवातीलाच ओढ थांबवली तर केस परत येतात.

मग निवड कशी करावी?

वरील विवेचन समजले की निवडीचे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

कडेचे केस आधीच विरळ झाले असतील तर ट्विस्ट उत्तम, आणि तेही कृत्रिम केस न मिसळता. लहान मुलींनाही हेच योग्य. त्यांचे केस बारीक असतात आणि लांबीची घाई नसते. वेण्या पंधरा दिवसांनी पुन्हा घालाव्या लागतात हा त्यांचा तोटा. पण वारंवार सोडल्यामुळे एकाच मुळावर एकाच दिशेने ओढ फार काळ राहत नाही, हा त्याच गोष्टीचा फायदा.

रोज खेळणाऱ्या, पोहणाऱ्या मुलीला कॉर्नरो सोयीचे. लोंबणारे वजन नाही, आणि ओळींच्या मधली त्वचा उघडी असल्याने धुणे सोपे. मात्र कॉर्नरोत केस एकाच दिशेला ओढून धरलेले असतात. म्हणून पुढच्या खेपेला ओळींची दिशा बदलावी आणि कपाळालगतचे अगदी बारीक केस वेणीत न घेता मोकळे सोडावेत.

लांब सुट्या वेण्याच हव्या असतील तर बिनगाठीची पद्धत बरी. गाठीच्या पद्धतीत कृत्रिम तंतूंचा सगळा भार आणि ताठरपणा अगदी मुळाशी येतो. बिनगाठीत तो खाली सरकतो आणि वेणी मुळाशी लवचीक राहते. चौकोन किती मोठा यापेक्षा चौकोनाच्या मानाने वेणी किती जाड, हे पाहावे. चौकोनाची बाजू निम्मी केली की क्षेत्रफळ चौथाई होते, म्हणून त्यातील केसही चौथाई. तेव्हा मिसळायचे तंतूही चौथाई हवेत, निम्मे नव्हेत. येथे अनेकांचा अंदाज चुकतो. लांबी दुप्पट केली तर वजनही दुप्पट होते, हेही ध्यानात ठेवावे. कमरेपर्यंतच्या वेण्यांपेक्षा खांद्यापर्यंतच्या वेण्या मुळांना केव्हाही हलक्या.

धुतल्यावर वेण्या जड का होतात? कृत्रिम तंतू स्वतः पाणी फारसे शोषत नाहीत, पण तंतूंच्या मधल्या बारीक फटींत केशाकर्षणाने पाणी धरून राहते. शिवाय ओल्या केसातील हायड्रोजन बंध तुटलेले असल्याने तो कोरड्या केसापेक्षा दुबळा असतो. म्हणजे भार वाढलेला आणि बळ घटलेले, असा दुहेरी प्रसंग. म्हणून ओल्या वेण्या डोक्यावर बांधू नयेत. टिपून, मोकळ्या सोडून पूर्ण वाळू द्याव्यात.

प्रकार कोणताही निवडला तरी एक कसोटी सर्वांना लागू आहे. ती म्हणजे दुखणे. ‘पहिली रात्र दुखणारच, मग सवय होते’ ही समजूत आफ्रिकेत आणि अमेरिकेत सर्रास आढळते. ती घातक आहे. दुखणे, डोके ठणकणे, भुवया वर ओढल्यासारख्या होणे, मुळाशी त्वचा तंबूसारखी उचललेली दिसणे, कडेला पुळ्या येणे, ही सर्व मुळाची तक्रार होय. अशी वेणी, तिला कितीही तास लागलेले असोत आणि कितीही पैसे पडलेले असोत, सोडवलीच पाहिजे. नुसते तेल किंवा औषध लावून ओढ कमी होत नाही.

आठ आठवड्यांनी वेणी सोडल्यावर केसांचा मोठा पुंजका हातात येतो आणि मुली घाबरतात. येथे मात्र घाबरण्याचे कारण नसते. आपले दररोज साधारण ५० ते १०० केस एरवीही गळतात. वेणीत ते अडकून राहतात. ५६ दिवसांचे झाले २,८०० ते ५,६०० केस! ते गळायचेच होते, फक्त एकदम दिसले. काळजी करायची ती पुंजक्याची नव्हे, मागे हटणाऱ्या कडेची.

वर्गात करून पाहण्याजोगे

शिवणाच्या दोऱ्याचे सारख्या लांबीचे दहा तुकडे एका काडीला बांधा, खालची टोके एकत्र गाठून त्याला पिशवी अडकवा आणि पिशवीत हळूहळू वाळू घाला. किती वाळूला दोरे तुटतात ते मोजा. आता तोच प्रयोग पुन्हा करा, पण दहापैकी दोन दोरे थोडे आखूड ठेवा. आधी आखूड दोरे तुटतील, आणि तेही बऱ्याच कमी वाळूला. सगळे दोरे तसेच, तेवढेच, मग फरक का पडला? यावर मुलांना बोलते करा. सरासरी आणि प्रत्यक्ष वाटणी यांतला फरक याहून सोप्या रीतीने क्वचितच दाखवता येईल.

दुसरा प्रयोग पिळाचा. लोकरीचे दोन पेड आधी न पिळता एकमेकांभोवती गुंडाळा व सोडा. नंतर दोन्ही पेडांना एका दिशेने पीळ देऊन उलट दिशेने वळा व सोडा. ट्विस्ट का टिकतो हे सांगावे लागणार नाही.

शिक्षकांसाठी दोन शब्द

हा विषय दूरचा वाटला तरी शाळेशी त्याचा थेट संबंध आहे. २०१६ साली दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया येथील मुलींच्या एका शाळेत विद्यार्थिनींनी केसांविषयीच्या नियमांविरुद्ध निदर्शने केली. आपले केस जसे उगवतात तसे ‘अव्यवस्थित’ ठरवले जातात, ही त्यांची तक्रार होती. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली कायदा करून केसांचा पोत किंवा वेण्या, ट्विस्ट यांसारख्या रचना यांवरून सरकारी शाळांत आणि नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली. त्यानंतर इतर अनेक राज्यांनी तसेच कायदे केले. ‘केस नीट बसवलेले हवेत’ असा नियम सरळ केसांना सोपा असतो. कुरळ्या केसांना तो पाळायचा तर रसायन तरी लावावे लागते किंवा ओढून तरी बांधावे लागते. नियम सर्वांना सारखा, पण त्याचा भार सारखा नाही. दोऱ्यांच्या प्रयोगात आपण हेच पाहिले.

आपल्याकडेही अनेक शाळांत दोन घट्ट वेण्या वर दुमडून रिबिनीने बांधण्याची शिस्त असते. कुरळ्या केसांच्या मुली आपल्या वर्गांतही असतात आणि त्यांना ‘केस विंचरून ये’ हे वाक्य नेहमी ऐकावे लागते. केस सरळ असोत की कुरळे, दहा वर्षे एकाच जागी, एकाच दिशेने ओढले गेले तर मुळाची तक्रार सारखीच. एखाद्या मुलीच्या कानशिलांवरचे केस विरळ होत आहेत, कपाळाची कड मागे सरकते आहे असे दिसले, तर तिच्या पालकांना वेणी सैल घालायला आणि भांग बदलायला जरूर सांगावे. शिस्तीचा नियम आड येत असेल तर तोही सैल करावा. मुळे जिवंत आहेत तोवर केस परत येतात. म्हणून ही सूचना वेळेवर द्यायला हवी, आणि मुलीला रोज पाहणाऱ्या शिक्षकाइतकी ती वेळेवर दुसरा कोणी क्वचितच देऊ शकेल.